फाळक्यावरची पाठमोरी बाई

मित्रांनो, मी एक जुना फाळका आहे. उसाच्या ट्रॉलीला मागच्या बाजूनं जो लोखंडी दरवाजा असतो, ज्यावर मोर, कमळं आणि मालकाचं नाव रंगवलेलं असतं, तो मी. गाडीवर मागं बसून तुम्हीही कधीतरी माझ्यामागं रखडला असाल आणि तुमच्या बाबांनी हॉर्न वाजवून वाजवून राग काढला असेल. मी मनातल्या मनात हसत असे. मला घाई कधीच नव्हती.

बारामतीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात मी तयार झालो. माळेगाव बुद्रुकच्या सर्जेरावांनी मला जोडट्रॉलीतल्या मागच्या ट्रॉलीला बसवलं आणि थेट इंदापूर रस्त्यावरच्या बादशाह पेंटरांच्या दुकानात नेलं. तेव्हा आमच्या भागात मोजके पेंटर होते, पण प्रत्येकाचा हात वेगळा. इंदापूरचे भिमा पेंटर बैल असा काढत, की तुम्ही कुठंही उभे राहा, तो तुमच्याकडंच बघतोय असं वाटे. सणसरचे सावळाराम पेंटर ब्रश न उचलता एका दमात कमळ पुरं करत. आणि बादशाहभाईंची ओळख म्हणजे अक्षराची सावली. त्यांच्या दुकानात ऊन उजवीकडून यायचं, म्हणून त्यांनी काढलेल्या प्रत्येक अक्षराची सावली डावीकडं पडायची. मग ती ट्रॉली भर दुपारी उभी असो की ढगाखाली.

माझ्यावर त्यांनी दोन निळे मोर काढले, खाली सर्जेरावांचं नाव सावलीसकट लिहिलं आणि कोपऱ्यात बारीक सही केली. कारखान्यावर ट्रॉल्यांची रांग लागली की ड्रायव्हर मंडळी चहाचे कप घेऊन मला बघायला यायची. मी असा फुगून जायचो की विचारू नका. बारा हंगाम मी ऊस वाहिला. एक गंमत सांगतो, एवढं फिरून मी पुढचा रस्ता कधी पाहिलाच नाही. ट्रॅक्टर पुढं बघे आणि मी मागं.

मग मला गंज चढला. सर्जेरावांनी मला पुन्हा रंगवायला बादशाहभाईंकडं आणून टाकलं. तेवढ्यात त्यांनी नवी ट्रॉली घेतली, तिच्यावर रेडियमचे चकचकीत स्टिकर लावले आणि मला ते साफ विसरून गेले. बादशाहभाईंनी मला भिंतीला टेकवून ठेवलं. येता-जाता ब्रशमधला जास्तीचा रंग ते माझ्यावर पुसू लागले. एक फटका हिरवा, एक लाल, एक पिवळा. वर्षं गेली आणि माझे मोर त्या रंगाखाली बुडाले. ज्याला बघायला माणसं चहा थंड होऊ देत, त्याचं पोतेरं झालं. मला फार वाईट वाटायचं, ते लपवत नाही.

त्या भिंतीशी उभा असताना मला एकच देखावा दिसायचा. दुकानाच्या दारात रस्त्याकडं तोंड करून प्रयागबाई भाजी विकायला बसत. स्वतःच्या रानातली वांगी, मेथी, गवार. गिऱ्हाइकाला त्यांचं तोंड दिसे, दुकानाला पाठ. आणि माझ्या पायाशी पोत्यावर बसून बादशाहभाईंची लेक सुरैय्या गृहपाठ करायची. वही गुडघ्यावर आणि नजर प्रयागबाईंच्या पाठीवर.

ती मोठी झाली, चित्रकला शिकून आली, तरी तिची खोड गेली नाही. ती माणसं पाठमोरीच काढायची. एसटीची वाट बघणारी, पाणी धरायला निघालेली, कारखान्याच्या फाटकात शिरणारी. शिक्षक म्हणाले, चेहरे काढायला शीक. शेजारपाजारचे म्हणाले, हिला नाकडोळे जमत नाहीत म्हणून ही पळवाट. प्रयागबाईंनी तर तोंडावर सांगितलं, "तोंड न्हाय ते कसलं गं चित्र? मानूस हासतंय का रडतंय, ते कळाय नको व्हय?"

सुरैय्याला एकच गोष्ट हवी होती. दुकानातल्या कामावर स्वतःची सही. बादशाहभाई ती करू देत नव्हते. त्यांच्या उस्तादांनी त्यांना घातलेली अट त्यांनी लेकीलाही घातली होती. ते म्हणत, "सही मागून मिळत न्हाय बेटा. लोकांनी सहीबिगर हात वळखला, की मग करायची." सुरैय्या पुन्हा कामाला लागायची. पण रंगवून झालेल्या प्रत्येक पाटीच्या कोपऱ्याशी तिचं बोट थोडा वेळ थांबायचं. मी रोज पाहायचो.

यंदा बारामतीत बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. सुरैय्यानं वडिलांना सांगितलं, की मी तिथं बिनसहीचं, बिननावाचं चित्र लावते. संध्याकाळी पाचला प्रदर्शन बंद होईपर्यंत कुणी हात ओळखला तर सही माझी. नाही ओळखला तर पुन्हा विषय काढणार नाही. बादशाहभाईंनी मान डोलावली.

आणि तिनं कॅनव्हास आणला नाही, मित्रांनो. तिनं मला उचललं.

दुसऱ्या कुणी मला आधी घासून लख्ख केलं असतं. तिनं ते पुसलेले रंग तसेच ठेवले आणि दोन-चार रेषांत त्यांचा भाजीबाजार केला. हिरवा फटका मेथी झाला, जांभळा वांगी. मधोमध मात्र तिनं हळूहळू खरवडलं. रंगाचे थर निघाले आणि खालून माझ्या मोराचा निळा रंग वर आला. तो झाला प्रयागबाईंच्या चोळीचा. भाजीच्या पाटीच्या ओझ्यानं खाली उतरलेला डावा खांदा, पदराला मारलेली गाठ, मानेवरचा सैल झालेला केसांचा बुचडा, सगळं तिनं मनानं काढलं. प्रयागबाई पाणी प्यायला आत आल्या की ती मला भिंतीकडं फिरवून ठेवायची. बाईंची सावली तिनं डावीकडं टाकली, कारण त्या दुकानात ती तिकडंच पडते. हीच सावली पुढं नडणार होती.

प्रदर्शनात एकाहून एक नामी चित्रं होती. इंदापूरच्या दिग्विजयनं उजनीच्या पाण्यातले रोहित पक्षी काढले होते, पण फक्त त्यांचे पाय आणि पाण्यातलं प्रतिबिंब. लोणी देवकरच्या कारखान्यात काम करणाऱ्या रोहिणीनं पाळी सुटल्यावरची माणसं मशीनच्या काळ्या तेलात ब्रश बुडवून रंगवली होती. आणि शेवटच्या भिंतीवर मी होतो. खालच्या पट्टीवर एवढंच लिहिलं होतं, 'पत्र्यावर ऑइलपेंट'.

माझ्यापुढं गर्दी जमली. लोक म्हणाले, अरे, ही आपली भाजीवाली प्रयागबाई. सुरैय्याचा चेहरा उजळला. तेवढ्यात सर्जेराव आले. त्यांनी सावलीवर बोट ठेवून ठणकावून सांगितलं, की हा बादशाहभाईंचाच हात, माझ्या जुन्या फाळक्यावर अशीच सावली होती. तो जुना फाळका समोर उभा होता, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग काय, जो तो बादशाहभाईंचा हात हातात घेऊन वाहवा करू लागला. ते ना हो म्हणाले, ना नाही. लेकीकडं बघत राहिले. चार वाजले, साडेचार वाजले. सुरैय्या खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

पावणेपाचला प्रयागबाई आल्या. भाजी उरकून, धुतलेलं लुगडं नेसून. लोकांनी त्यांना वाट करून दिली. त्या माझ्यापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही कोन बाई? लई दमल्यावानी बसलीया."

सगळे हसले. कुणीतरी सांगितलं, मावशी, तुम्हीच आहात ती. प्रयागबाई हसल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वतःची पाठ बघत होत्या. त्यांनी आपल्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, चित्रातल्या खांद्याकडं पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मालक गेलं त्या सालातली पाठ हाय ही," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाम्होरं मी हासतच हुते. कुनाला कायबी कळलं न्हाय."

सर्जेराव म्हणाले, की बादशाहभाईंनी बरोबर टिपलं. प्रयागबाई त्यांच्याकडं वळल्या.

"त्येंनी न्हवं. बादशाहभाई रोज म्होरून येत्यात, राम राम करत्यात, त्येंनी माजं हासू बघितलं. माज्या मागं ही पोरगी बसायची. सावली बापाची आसंल, पर नदर हिची हाय. सुरैय्या, हितं ये."

सुरैय्या वळली तेव्हा तिचे गाल ओले होते. बादशाहभाईंनी खिशातून आपला सहीचा बारीक ब्रश काढला, तोच, ज्यानं त्यांनी एकदा माझ्यावर सही केली होती. काळ्या रंगाची डबीही त्यांनी सकाळीच सोबत घेतली होती, हे तेव्हा उघड झालं.

"कर सही," ते म्हणाले.

तिनं माझ्या कोपऱ्यात लिहिलं, 'सुरैय्या पेंटर'. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की माझा पत्रा झणझणला. बारा हंगाम रस्त्यावर गेले, पण तसा अभिमान मला मोरांच्या दिवसांतही वाटला नव्हता.

पुढच्या आठवड्यात सर्जेराव रेडियमचे स्टिकर खरवडून नवी ट्रॉली घेऊन आले. त्यांना तिच्यावर स्वतःची पाठ काढून हवी होती. आता माळेगावच्या रस्त्यावर फेटा बांधलेले सर्जेराव पाठमोरे चाललेले दिसले, तर दचकू नका आणि हॉर्नही वाजवू नका.

मित्रांनो, जुना पत्रा भंगारात देण्याआधी त्यावर कुणाचे हात फिरले होते ते एकदा बघा. आणि हसून बोललेलं माणूस जायला वळलं, की लगेच नजर काढून घेऊ नका. थोडा वेळ त्याच्या पाठीकडंही बघा.

मी आता दुकानाच्या दर्शनी भिंतीवर असतो. खाली प्रयागबाई बसतात. सकाळी पाटी उतरवली, की मागं वळून न बघता त्या आधी विचारतात, "सुरैय्या, आज कशी हाय गं मी?"

सुरैय्या नीट बघते आणि मगच सांगते.