उरले पाच

“सर, यात माझं काय चुकलं?” मुलीने उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली आणि सहाव्या प्रश्नावर बोट टेकवलं.

गणिताच्या सरांनी चष्मा काढून पुसला. आकडे तेच राहिले. ‘x² + 7x + 11 = 0. अवयव पाडून सोडवा.’ खाली मुलीने लिहिलं होतं : ‘विवेचक काढला. सातचा वर्ग एकोणपन्नास, त्यातून अकरा चोक चव्वेचाळीस गेले, उरले पाच. पाच पूर्ण वर्ग नाही. अवयव पडत नाहीत.’ शेजारी, तपासणाऱ्या बाईंचं लाल शून्य. प्रश्न तीन मार्कांचा आणि पोरगी दोनाने नापास.

एकतीस वर्षं सर पेपर काढत होते. प्रत्येक समीकरणाचा विवेचक कच्च्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलने मांडायचा, पूर्ण वर्ग आला तरच गणित पेपरात. या वेळी कंटाळा केला. निवृत्ती दीड महिन्यावर आलेली. हात चालला तसं लिहिलं. बाराच्या जागी अकरा पडले आणि उत्तरसूचीत बाराच राहिले.

त्यांनी गठ्ठा ओढला. बाकीच्या एक्केचाळीस जणांनी बिनदिक्कत (x + 3)(x + 4) लिहिलं होतं.

दाराशी वर्गातला पहिला नंबर उभा होता. “काय रे, अकराचे बारा कुठून केलेस?”

“सर, तुमचं गणित म्हटल्यावर अवयव पडणारच ना.”

सरांनी गठ्ठा उचलला आणि मुख्याध्यापिकाबाईंचं ऑफिस गाठलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र झटपट निकाल लावला. “सगळ्यांना तीन-तीन देऊन टाका. गाजावाजा कशाला?”

“मार्क द्याच. पण फळ्यावर सूचना लावतो, चूक माझी म्हणून. एकटीने बरोबर सोडवलंय, ते इतरांच्या रांगेत नको बसायला.”

“अहो, मानपत्र छापून आलंय. ‘एकतीस वर्षांत एकही चूक नाही.’ त्याचं काय करू?”

“खोडा.”

“जाता जाता फार त्रास देता हो तुम्ही.”

“एकोणीसच दिवस उरलेत, बाई. सोसा.”

निरोपाच्या दिवशी सर मानपत्र घेऊन घरी आले. बायकोने चौकट उजेडात धरली. “ही ओळ कुणी खोडली?”

“मीच खोडायला लावली.”

“आता भिंतीवर कसं लावायचं हे?”

सरांनी चौकट तिच्या हातातून घेतली, पालथी केली आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने, नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं : ४९ − ४४ = ५.

मग ती सुलट करून खिळ्याला अडकवली.