गाठोड्याची शेवटची आवृत्ती

कंपनीत तिला सगळे ताई म्हणायचे, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. फोटो सुधारायचा, गाणी रेकॉर्ड करायची, घरची फिल्म कापून जोडायची आणि ते सगळं डिस्कवर उतरवायचं, असे चार प्रोग्रॅम कंपनी चार वेगळ्या खोक्यांत विकत असे. चौघांचे चार सुभे. एकातलं बटण वर, तर दुसऱ्यातलं खाली. साहेबांनी ताईला बोलावून सांगितलं, "ह्या चौघांना एका चुलीवर आणा." त्या कामाला ऑफिसात नाव पडलं गाठोडं.

पहिला नमुना ताईने घरी नेला. तिचे सासरे चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवून निवृत्त झालेले. फोटो धुण्याच्या औषधांत हात बुडवून बुडवून त्यांची नखं पिवळी पडली होती. साध्या माणसाला गाठोडं जमतं का, हे तिला बघायचं होतं.

"बाबा, ह्या चेहऱ्यावरची सावली जरा कमी करून बघा ना."

"आणि बिघडला म्हणजे?"

"बिघडू दे की."

"अगं, असं कसं? कागद एकदा काळा पडला की पडला. लोकांची एकुलती एक आठवण असते ती."

अर्धा तास झाला तरी हात मांडीवरचे हलले नाहीत. ज्या माणसाने हजारो चेहरे उजळले, तो माउसला भीत होता.

दुसऱ्या दिवशी ताईने टीमला सांगितलं, "मूळ फोटोला, मूळ फिल्मला हात लावायचाच नाही. माणूस जे काही करील, त्याची नुसती नोंद ठेवायची. गाठोडं उघडलं की नोंद वाचून फोटो तसा दाखवायचा. नको वाटलं, नोंद पुसली, मूळ आहे तिथेच."

"ताई, सगळं नव्याने लिहावं लागेल!" रंगांचं काम बघणारा कळवळला. सगळे त्याला रंगारी म्हणत.

"मग लिहू."

लिहायला नऊ महिने गेले. पण बाबांचे हात सुटले. ते दर शनिवारी बसू लागले आणि चुका काढू लागले. "ही कातडी आहे की भोपळा?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा रंगारी स्वतः घरी आला आणि त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसला. कातडीचा रंग कसा पाहायचा, हे तो त्यांच्याकडून शिकला.

गाठोडं बाजारात आलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. एका नर्सने वॉर्डातल्या मुलांकडून फिल्म करून घेतली. एका विधवेने नवऱ्याच्या जुन्या कॅसेटमधला आवाज त्याच्या फोटोंना जोडला. ती पत्रं ताई पुन्हा पुन्हा वाचायची. एकामागून एक अकरा आवृत्त्या निघाल्या.

मग कॅमेऱ्याचे मोबाइल फोन आले. लोक फोटो खिशातच काढू लागले, खिशातच सुधारू लागले. एके दिवशी साहेबांनी बैठकीत सांगून टाकलं, की गाठोडं बंद.

ताईला वाईट वाटलं, पण त्याहून मोठा धक्का घरी जाताना बसला. लोकांनी केलेलं सगळं काम नोंदींत होतं, आणि नोंदी फक्त गाठोड्यालाच वाचता येत होत्या! नव्या संगणकावर ते उघडलं नाही, की लोकांच्या हाती नुसते सुटे तुकडे उरणार. तिचीच युक्ती लोकांच्या मुळावर आली होती.

सकाळी ती साहेबांपुढे उभी राहिली. "एक शेवटची आवृत्ती हवी, फुकट. ती नोंदी वाचेल आणि प्रत्येक फिल्म, प्रत्येक फोटो कुठेही उघडेल असा साधा करून देईल."

"जे विकायचंच नाही, त्याच्यामागे राबणार कोण?"

"मी."

"आणि मी," मागून रंगारी म्हणाला.

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हटलं नाही.

दोघांनी जुनी यंत्रं गोळा केली. अकरा आवृत्त्यांच्या नोंदी अकरा तऱ्हांच्या. पहिलीची तर आठवणही कुणाला नव्हती. बाबांनी आपला सगळा संग्रह तपासायला दिला. आता त्यांना नीट दिसत नव्हतं, ताई एकेक फोटो जुना आणि नवा शेजारी ठेवून वर्णन करायची आणि ते म्हणायचे, "गाल बघ, गाल. उजवा थोडा गडद ठेवला होता मी." बहुतेक वेळा त्यांचं खरं निघे. सात महिन्यांनी एकही फरक उरला नाही.

शेवटची आवृत्ती सोमवारी बाहेर पडली. त्याच आठवड्यात साहेब एक जुना लॅपटॉप काखोटीला मारून ताईच्या टेबलाशी आले आणि खाकरले.

"ताई, मुलीची पहिली पावलं आहेत ह्यात. गाणंबिणं घालून फिल्म केली होती मी. निघेल ना?"

"निघेल की. बसा."

ते बसले नाहीत. पडद्यावरची पट्टी पुरी भरेपर्यंत खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले.