सदुसष्ट मार्कांचं भंगार

चूक आबाजी गुरुजींची. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे म्हाताऱ्यांची चूक शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. मी भोसरीच्या एका गिअरच्या कारखान्यातला कॉम्प्युटर बोलतोय.

आधी मी पुण्यात एका क्लासमध्ये होतो. मंद म्हणून तिथून मला काढून टाकलं. १९८८ साली कारखान्याचे मालक साहेबरावांनी मला इथं आणलं, हार घातला, नारळ फोडला आणि त्याचं पाणी माझ्या बटणांवर सांडलं. एक बटण अजून चिकटतं. याला म्हणे शुभारंभ.

मला सांभाळलं नजमानं. सायन्स कॉलेज अर्ध्यात सोडून ती इथं तपासणीला लागली होती. गिअर मोजायची आणि मला सांगायची. चांगला तो ए, पुन्हा घासायचा तो बी, भंगारात जायचा तो सी.

आता माझ्या पोटातली गोष्ट. मला अक्षरं कळत नाहीत. माझ्या पोटात सगळे आकडेच. ए म्हणजे पासष्ट, बी सहासष्ट, सी सदुसष्ट. आकडा दाखवायचा की अक्षर, हे मला बाहेरून सांगावं लागतं. नजमानं तसा एक शब्द प्रोग्रॅममध्ये लिहिला होता: सीएचआर, आणि त्याला चिकटून डॉलरचं चिन्ह. तो शब्द असला की मी निमूट अक्षर दाखवायचो.

आबाजी गुरुजी म्हणजे साहेबरावांचे सासरे. राजगुरुनगरला चाळीस वर्षं हेडमास्तर. रिटायर झाल्यावर कारखान्यात येऊन बसायचे आणि नट-बोल्टांनाही शिस्त लावायचे. एकदा त्यांना पडद्यावर ते चिन्ह दिसलं.

"पोरी, हा डॉलर कशाला? हुतात्म्याच्या गावचा माणूस आहे मी. अमेरिकेचं नाणं इथं चालणार नाही!"

"नाणं नाही गुरुजी, त्याच्यामुळे अक्षर दिसतं."

"उलट उत्तर नको."

नजमा बहिणीच्या लग्नाला दोन दिवस रजेवर गेली. गुरुजींनी ती ओळ एका बोटानं पुन्हा टाइप केली, डॉलरवाला शब्द तेवढा गाळून. शुद्धलेखनाची एकही चूक नाही! मी तरी काय करणार? सांगितलं तसं वागलो. नजमानं आधीच मोजून ठेवलेल्या गिअरांपुढचे ए, बी, सी पडद्यावरून गेले; पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट आले.

गुरुजींचा चेहरा उजळला. मार्क!

माल भरणारा कोंडीराम डोकं खाजवत उभा राहिला. "गुरुजी, ह्या सदुसष्टवाल्याचं दात तुटल्यात की."

"दात पाहू नकोस, मार्क पाहा. पहिलीत निम्म्या वर्गाचे दात पडलेले असतात. म्हणून काय नापास करायचं?"

"आन् हे पासष्टवालं? चांगलं गुळगुळीत हाय."

"दिसायला गोंडस, पण अभ्यासात मागे. टाक भंगारात."

मी पडद्यावर डोळे मिचकावून मिचकावून थकलो. चाळीस वर्षं पोरांना आकडे वाटले की माणसाला आकड्यापलीकडचं दिसतच नाही. जास्त मार्क तो हुशार, संपलं. तुटक्या दातांचे सगळे गिअर पेट्यांत बसून गिऱ्हाइकाकडे गेले. चांगले भंगारवाल्यानं उचलून नेले.

तिसऱ्या दिवशी पेट्या परत आल्या. वरच्या चिठ्ठीत विचारलं होतं, "हे गिअर उंदरांनी खाल्ले काय?"

साहेबराव नजमावर उखडले. तिनं शांतपणे तो शब्द परत घातला. सदुसष्टच्या जागी सी उमटला.

"साहेब, हे मार्क नव्हते. सदुसष्ट म्हणजे भंगार."

कोंडीराम फिस्सकन हसला. "म्हंजे गुरुजींनी भंगाराला पयला नंबर दिला व्हय!"

सगळ्यांना सगळं कळलं. साहेबरावांनाही. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं, मग नजमाकडे. "मामांना चारचौघांत असं खाली पाहायला लावतात? माफी माग."

"मागते. कशाची ते तेवढं सांगा."

साहेबराव परत आलेल्या पेट्या मोजू लागले. तिनं डबा उचलला आणि ती नोकरी सोडून गेली.

गुरुजी अजून येतात. मी खोटारडा आहे असं सांगून माझ्यावर पोतं टाकलंय, त्यावर पाय ठेवून पेपर वाचतात. वाचकहो, कुठं आकडा दिसला तर नमस्कार करण्याआधी एवढं विचारा: हा कशाचा?

नजमा गेली. त्यानंतर मला कुणी चालू केलेलं नाही.