ऐकून घेण्याचं बटण

हॉस्पिटलच्या दारावर मावशीची उभ्या उभ्या एकोणीस वर्षं गेली. दार कसलं, दुःखाची मोरीच ती. सगळ्यांचं तिथूनच वाहायचं. कुणी रडत येई, कुणी शिव्या देत, कुणी हातात दगड घेऊन. मावशी प्रत्येकाला एकच विचारी, "आत कोण आहे तुमचं?" एवढ्यानं निम्मे मटकन खाली बसत. उरलेल्यांना पाणी द्यावं लागे.

आता दारावरच्यांना पिस्तुलं द्यायची, म्हणून शिकवणीचं व्हिडिओ-यंत्र घ्यायचं घाटत होतं. विकायला आला होता मावशीचा सख्खा दीर. मोठे डॉक्टर म्हणाले होते, "सुरक्षेच्या प्रमुख तुम्ही. तुमची पसंतीची सही असेल तरच घेऊ." त्यामुळे सकाळपासून दीर वहिनीच्या मागेपुढे.

सभागृहात भिंतभर पडदा लागला, सगळा स्टाफ बघायला जमला. दिरानं तिच्या हातात खोटं पिस्तूल दिलं. वजनाला मात्र अगदी खऱ्यासारखं. पडद्यावर हॉस्पिटलचं दार दिसलं. एक माणूस धावत आला, दाढीचे खुंट वाढलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"माझ्या बायकोला काय केलंत?" तो ओरडला.

मावशीनं पिस्तूल खाली केलं. "दादा, कधी आणलं त्यांना?"

मागे हशा पिकला. क्लार्क बिस्किट खाताखाता म्हणाला, "मावशी, चहाचंही विचारा त्याला."

पडद्यावरच्या माणसानं सुरी काढली. पडदा लालभडक झाला.

"गेलात, वहिनी," दीर म्हणाला. "पुन्हा घ्या. या खेपेला बोलत बसू नका."

पुन्हा तोच माणूस, तोच टाहो. मावशीनं चाप ओढला. तो गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. यंत्रानं टाळ्या वाजवल्या, शंभरांपैकी ब्याण्णव. मावशीच्या अंगातून एक गोड शिरशिरी गेली, आणि तिनं पिस्तूल झटकन दिराच्या हातात परत दिलं.

मग रांगच लागली. लॅबवाल्यानं मारला, हेडनर्सनं मारला. क्लार्कनं तर बिस्किट दातांत धरून मारला. "पोटात मारा," तो मागच्याला सांगू लागला, "जास्त तडफडतो." दर खेपेला तो माणूस बायकोचं विचारत येई आणि उत्तराविना पडे.

मावशी दिराच्या खुर्चीपाशी गेली. त्याच्या पुढ्यात चार बटणं होती, प्रत्येकावर चिठ्ठी: सुरी, बंदूक, दगड, पळ.

"म्हणजे मघाशी सुरी तू काढायला लावलीस?"

"मीच की. मी दाबीन तसा तो वागतो."

"आणि ऐकून घेतो, ते बटण कुठलं?"

"ते नाही." दीर हसला. "तसं शूटिंगच केलेलं नाही. तो मुकाट खाली बसला तर शिकणाऱ्याला काय मजा, वहिनी?"

मावशीनं कागद ओढला. पसंतीच्या रकान्यात 'नको' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

दिराचा चेहरा उतरला. "घरच्याच माणसानं पाय ओढायचा? दादाला काय सांगू मी?"

"सांग, बायकोचं विचारत आलेल्या माणसाला आज चौदा जणांनी मारलं. पहिली तुझी वहिनी होती."

ती बाहेर बेसिनपाशी गेली. साबण दोनदा लावला, नखांतून चोळला. चाप ओढलेलं बोट तरीही आतून खुशीतच होतं.