क्लाइवची गाढवीण

माझा नवरा क्लाइव माणसांशी एकनिष्ठ आहे, बँकांशी नाही. "तुमचं खातं आमच्याकडे हलवा, दोनशे पौंड देतो," असं कुठल्या बँकेने म्हणायचा अवकाश, की हा निघालाच. आजवर सहा बँका झाल्या. घरखर्चाचं खातं माझ्या नावावर आहे आणि त्याला मी त्याचा हात लागू देत नाही, म्हणून आमचा संसार टिकला.

या वेळी त्याचा डोळा सातव्या बँकेवर नव्हता, तर पहिल्याच बँकेवर होता. खातं हलवल्याचं बक्षीस एकदा घेतलेल्याला पुन्हा नाही, हा तिचा नियम. तो तिने सैल केला होता. तीन वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी ज्यांनी घेतलं, ते पुन्हा पात्र. आमच्या अख्ख्या बार्न्सली गावात ही बातमी सगळ्यात आधी कुणाला लागली असेल, हे सांगायला नको. अर्जाची मुदत शुक्रवार संध्याकाळची होती. त्या पैशातून मला व्हिटबीला दोन रात्री न्यायचं, समुद्राकडे खिडकी असलेल्या खोलीत, हे त्याने कबूल केलं होतं. मी ते चार जणींना सांगूनही बसले होते.

अट एकच. खात्यातून दरमहा आपोआप कापले जाणारे निदान दोन हप्ते हवेत. त्यासाठी इथले लोक दानधर्म करतात. दोन-तीन पौंडांचा हप्ता लावायचा आणि बक्षीस जमा झालं की बंद करायचा. क्लाइवचा एक हप्ता टीव्ही बघायला इथे लागणाऱ्या लायसन्सचा आणि दुसरा डेव्हनमधल्या म्हाताऱ्या गाढवांच्या आश्रमाचा. तिथली पार्सनिप नावाची गाढवीण त्याने दत्तक घेतली होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय! पण तो हप्ता काही बंद झाला नाही. विचारलं की म्हणायचा, "राहू दे गं, पुढच्या वेळी लागेल."

शुक्रवारी दुपारी तो अर्ज भरायला बसला आणि आश्रमातून फोन आला. त्याने स्पीकर लावला. पलीकडे एक मुलगी होती.

"वाईट वाटतं सांगायला, पण आज सकाळी पार्सनिप गेली. तुमचा हप्ता आम्ही थांबवलाय. हवं तर तो ब्रॅम्बलच्या नावे करता येईल. लहान आहे, फार गोड आहे."

"हो म्हण," मी कुजबुजले. "संध्याकाळपर्यंतच मुदत आहे."

क्लाइवने चष्मा काढून अर्जावर ठेवला.

"अरे, सहा बँका बदलताना तुझी पापणी हलली नाही, आणि एक गाढव बदलायला..."

"ग्लेंडा, जरा थांब." मग तो फोनकडे वाकला. "एकटी होती का ती?"

"नाही हो, तिची जोडीदार गाढवीण डॉट होती जवळ. बारा वर्षं दोघी एकत्र होत्या. अशा वेळी जोडीदाराला आम्ही लगेच बाजूला नेत नाही. ती हुंगते, नाकाने ढोसून बघते. कळलं की आपणहून वळते."

"मग वळली डॉट?"

"अजून नाही. उभीच आहे."

मला रडू आलं, आणि गाढवासाठी रडतेय म्हणून स्वतःचाच रागही आला.

"डॉटला कुणी दत्तक घेतलंय का?" क्लाइवने विचारलं.

"नाही. म्हातारी आहे, एका डोळ्याने दिसत नाही. लोकांना लहानच हवं असतं."

"माझ्या नावावर कर तिला. आत्ताच."

तो हप्ता लागला, क्लाइवने अर्ज पाठवला, आणि बँकेने लगेच कळवलं, पात्र. माझा जीव भांड्यात पडला. महिन्याभरात पैसे येतील, मग व्हिटबी. मी चहा ठेवायला उठले.

"हॉटेलला फोन लाव," क्लाइव म्हणाला. "उद्याची खोली मिळते का विचार."

"उद्याची? अरे, बक्षीस अजून जमा व्हायचंय!"

"होईल तेव्हा होईल."

हातात न आलेला एक पौंडही या माणसाने चाळीस वर्षांत खर्च केलेला नाही. मी वळून पाहिलं. त्याने माझ्या स्वेटरची बाही धरली होती. ती न सोडवता मी एका हाताने नंबर लावला.