धाकटी

ताई सभागृहाच्या दारात उभी होती. डाव्या हातात हँगर, हँगरला पांढरा अ‍ॅप्रन, आणि त्याची कड जमिनीला लागू नये म्हणून तो हात खांद्याच्याही वर उचललेला. छोटीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग खुर्च्यांमधून वाट काढत ती जवळजवळ पळतच दाराशी गेली.

"तू कशाला आलीस?"

"अगं, अ‍ॅप्रन विसरलीस ना. इस्त्री करून दाराला अडकवून ठेवला होता, डोक्याला लागेल असा. तरी बाईसाहेब तशाच गेल्या."

"दे इकडे. आणि जा तू, दुकानात बाबा एकटे असतील."

अ‍ॅप्रन आपण घेतला नाही, हिसकावला, हे छोटीच्या लक्षात आलं. ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती आत बघत होती. रांगेनं बसलेले आईबाप, कुणी फोनवर फोटो काढतंय, कुणी मुलीचे केस सारखे करतंय, आणि मंचामागे मोठ्या अक्षरांतला कापडी फलक: पालक मेळावा, प्रथम वर्ष.

"पालकांचं आहे होय," ताई म्हणाली. "तू तर प्रॅक्टिकल आहे म्हणालीस."

छोटीकडे घरी न सांगण्याचं कारण होतं, आणि ते कारण आत्ता हातात रिकामा हँगर घेऊन तिच्यासमोर उभं होतं.

फिजिओथेरपीच्या या कॉलेजात आल्या आल्या मॅडमनी वर्गातल्या प्रत्येकाला उभं केलं होतं. तुम्हाला घडवणारा एक प्रसंग सांगा, आणि त्यातून काय व्हायचं ठरवलंत तेही सांगा. एकाचे वडील अपघातानंतर अंथरुणाला खिळले होते. एकीनं आजीला हाताला धरून पुन्हा चालायला शिकवलं होतं. छोटीला मार्कांमुळे इथं प्रवेश मिळाला होता, एवढाच तिचा प्रसंग. घरातली शेंडेफळ, वडिलांची लाँड्री असून आजवर कधी रुमालालाही इस्त्री न केलेली. तिला घडवण्याच्या भानगडीत कुणी पडलंच नव्हतं. तिची पाळी आली, ती उभी राहिली, आणि तिच्या तोंडून ताईचा उजवा हात बाहेर पडला.

खरं घडलं होतं ते असं. दोघी लहान असताना दुकानात खेळत होत्या. वडील बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते. टेबलाखाली शिरलेल्या छोटीनं इस्त्रीची वायर ओढली. तापलेली इस्त्री तिच्या डोक्यावरच यायची, ती ताईनं मधल्यामध्ये हातावर झेलली. छोटी धुवायच्या कपड्यांच्या ढिगामागे जाऊन लपली. ताईनं एकटीनंच मोरीत जाऊन हात नळाखाली धरला आणि वडील धावत आल्यावर त्यांना सांगितलं, "मीच ओढली वायर." घरात आजही सगळ्यांना तेवढंच माहीत आहे. त्या वर्षी ताईला लिहिता येईना, परीक्षा बुडाली, पुढच्या वर्षी ती दुकानात बसायला लागली आणि बसलीच. शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळलेली राहिली. डाव्या हातानं ती आता वडिलांपेक्षा नीट घडी घालते.

वर्गात छोटीनं सांगितलं ते असं. धाकट्या बहिणीनं वायर ओढली, इस्त्री तिच्या हातावर पडली, मी ती उचलून फेकली, तिचा हात नळाखाली धरून बसले. तिच्या बोटांचे व्यायाम मी अजून रोज करून घेते. म्हणून मला भाजलेले हात बरे करणारी व्हायचंय. मॅडमनी चष्मा काढून पुसला होता. छोटीला तेव्हा लाज वाटली नव्हती, हे आता तिला सगळ्यात जास्त लागत होतं. तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं. आणि मॅडमनी तोच प्रसंग आज पालकांसमोर सांगायला तिला निवडलं होतं.

"आत ये ना, दारात का उभी?" मागून मॅडमचा आवाज आला. "कोण गं ही?"

"बहीण," छोटी म्हणाली. कुठली ते तिनं सांगितलं नाही.

ताईनं नमस्कारासाठी हात जोडले, आणि लांब बाहीत लपवलेला उजवा हात बाहेर आला. मॅडमची नजर तिथंच थांबली. मग त्यांनी ताईकडे नीट पाहिलं. ताई अंगापिंडानं एवढीशी. छोटीच्या खांद्याला लागते. अनोळखी माणसं दोघींमध्ये कायम चुकतात आणि ताई कायम हसून दुरुस्त करते.

"म्हणजे हीच ती धाकटी?"

"नाही हो, मी तर..." ताई हसत म्हणायला लागली.

"हो मॅडम," छोटी म्हणाली.

ताईचं हसू ओठांवर तसंच राहिलं. तिनं छोटीकडे पाहिलं. छोटी अ‍ॅप्रनची बटणं लावत होती, चुकीच्या काजांत.

मॅडमनी ताईला खांद्याला धरून नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. त्यांना वाटलं, मुलगी बुजली आहे.

मंचावर जायच्या पायऱ्या चढताना छोटीनं मनाशी ठरवलं होतं, की आज बदलायचं. फार काही करायचं नव्हतं. 'मी' आणि 'बहीण', या दोन शब्दांची जागा बदलायची. पण माइकसमोर उभी राहिली तर तिसऱ्या रांगेत तिच्या मैत्रिणी, ज्यांना हा प्रसंग तोंडपाठ होता. एकीनं तर आईला कोपरानं ढोसून आधीच सांगितलं, आता बघ हं. छोटीची जीभ सवयीच्या वाटेनं निघाली.

"माझ्या धाकट्या बहिणीनं वायर ओढली," ती म्हणाली.

ताई मांडीवरची सुरकुती डाव्या तळव्यानं सारखी करत होती. कापडावर सुरकुती दिसली की तिला राहवत नाही. तो हात थांबला. छोटीनं नजर वर उचलून मागच्या भिंतीवरच्या पंख्यावर ठेवली आणि शेवटपर्यंत तिथून हलवली नाही. रोजच्या व्यायामाचंही ती बोलली. ते वगळता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. तरी बोलली.

टाळ्या झाल्या. ताईनंही वाजवल्या, नेहमीसारख्या, डावा तळवा उजव्या मनगटावर आपटून.

छोटी खाली आली तेव्हा मॅडम ताईच्या शेजारी बसल्या होत्या आणि ताईचा हात त्यांच्या हातात होता. मॅडमचा सगळा जन्म हातांमध्ये गेलेला. त्यांनी अनामिका अलगद धरून उघडायचा प्रयत्न केला. बोट हललं नाही. त्यांनी करंगळी धरली, तळव्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा अनामिकेवर आल्या. त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी उमटली.

"किती दिवस झाले व्यायाम बंद होऊन?"

त्यांनी विचारलं ताईला, पाहिलं छोटीकडे. दोन मैत्रिणी अभिनंदन करायला आल्या होत्या, त्याही जवळ उभ्या राहिल्या. छोटीचे कान तापले. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, तसं तिला खरोखर वाटलं, आणि धरणी म्हणजे सभागृहाची गुळगुळीत फरशी, ती ढिम्म होती. आता ताई सांगेल. सांगू दे. एकदाचं होऊन जाऊ दे.

"कारण रोज केला असता," मॅडम सावकाश म्हणाल्या, "तर हे सांधे असे राहिले नसते."

"ताई मागे लागते हो मॅडम," ताई म्हणाली. "मीच करत नाही. ती आली की मी दुकानात पळते."

छोटीला क्षणभर कळेना, ही कुणाबद्दल बोलते आहे. तिला जन्मात कुणी ताई म्हटलं नव्हतं.

मॅडमना पटलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग त्यांनी तो हात होता तसा ताईच्या मांडीवर ठेवला.

"पूर्ण नाही, पण थोडं अजून उघडेल. ताईचं ऐकत जा."

"ऐकते," ताई म्हणाली.

मैत्रिणींमधली एक हसून ताईला म्हणाली, "नशीबवान आहेस बाई, अशी बहीण मिळाली."

ताईनं मान डोलावली. ती रागानं डोलावली असती तर छोटीला सोसलं असतं.

परतताना दोघी बसथांब्यापर्यंत चालत आल्या. थांब्यावरच्या बाकावर ताई बसली. छोटी उभीच राहिली. अ‍ॅप्रन तिनं अजून काढला नव्हता, आणि सगळी बटणं एकेक घर चुकलेली तशीच होती.

"ताई," ती म्हणाली.

"काढ तो आधी. बसमध्ये मळेल."

छोटीनं काढला. ताईनं तो झटकला, हँगरला लावला, कॉलर बसवली.

"मी उद्या जाऊन मॅडमना सगळं सांगते."

"बघ तुला काय वाटतं ते."

"बाबांनाही सांगते. वायर कुणी ओढली ते."

"त्यांना कशाला आता? त्यांनी तेव्हा मला दोन दिलेल्या. परत घेता येतात का त्या?" ताई थोडीशी हसली. पण छोटीला हसता आलं नाही. मार बसल्याचं तिला माहीतच नव्हतं. ती ढिगामागे होती.

"व्यायाम तरी करू या," ती म्हणाली. "खरंच. आजपासून."

"करू."

छोटीनं हात पुढे केला. ताईनं उजवा हात तिच्या हातात दिला, गिऱ्हाइकाला कपडे द्यावे तसा सहज, आणि रस्त्याकडे बघत बसली. बोटं टणक होती, तळव्याकडची कातडी ताणलेली. एवढी वर्षं एका घरात राहून छोटीनं हा हात कधी हातात घेतला नव्हता. कुठून सुरुवात करायची ते तिला कळेना. पहिल्या वर्षाला ते शिकवलेलं नव्हतं.

"एक विचारू?" ताई म्हणाली.

"विचार ना."

"तुझ्या गोष्टीतली ती धाकटी. ती पुढं काय करते?"

छोटीनं आठवून पाहिलं. वर्गात सांगितलं तेव्हा, मैत्रिणींना पुन्हा पुन्हा सांगितलं तेव्हा, आज सांगितलं तेव्हा, गोष्ट नळापाशी आणि तिच्या स्वतःच्या ध्येयापाशी येऊन संपत होती.

"नाही सांगितलं मी," ती म्हणाली. "कुणी विचारलंच नाही."

लांबून बस येताना दिसली. ताई उठली, हँगर उचलून खांद्याच्या वर धरला.

"विचारलं कुणी, तर कॉलेजात जाते म्हण."