पंच्याण्णव डॉलरची खुर्ची

रस्त्यापलीकडे नवं नेल सलून उघडलं आणि तुएतच्या सलूनमधली जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे वळली. पेडिक्युअरचे तिच्याकडे तीस डॉलर, तिथे पंच्याण्णव. ह्यूस्टनच्या त्या भागातले लोक पैसेवाले होते हे खरं, पण तिप्पट पैसे कशाचे देतात तेच तिला कळेना. तिची झोप उडाली. शेवटी नवरा, बाओ, वैतागला. "एकदा त्या खुर्चीत बसून ये आणि सोक्षमोक्ष लाव. मला तरी झोपू दे."

तिनं लिंडा या खोट्या नावानं वेळ घेतली. ठरल्या वेळी ती आत शिरली. वर्षानुवर्षं नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनमध्ये काम करून बोटांची टोकं पांढरी पडलेली. या धंद्यातल्या कुणीही ते हात ओळखले असते. तिनं ते पर्सखाली दडवले. केल्सी नावाच्या मॅनेजरबाईनं चहा आणून दिला.

पायांशी येऊन बसलेल्या मुलीनं मान वर केली आणि तुएतनं तिला ओळखलं. ती क्वेन होती. कित्येक वर्षं तुएतच्याच दुकानात राबलेली, आणि आजारी आईकडे डॅलसला जाते म्हणून काम सोडून गेलेली.

क्वेननं लगेच मान खाली घातली. तुएतचे पाय पाण्यात सोडले.

"मावशी," मान खाली घालूनच ती व्हिएतनामीत पुटपुटली, "मला पकडायला आलात?"

"तू इथे आहेस हे मला काय माहीत? आई कशी आहे?"

"बरी आहे. ती डॅलसला कधी गेलीच नव्हती."

"मग खोटं कशाला बोललीस? पगार वाढवून हवा होता तर तसं सांगायचं."

"इथे पगार काही फार जास्त नाही. माझी मनगटं गेली होती, मावशी. तुमच्याकडे एकीचे पाय पुसून होईस्तोवर दुसरी येऊन बसलेली असायची. इथे एका बाईला सव्वा तास देतात. मधे मला जेवायलाही मिळतं."

क्वेनला परत बोलवावं असं तुएतच्या मनात आलं होतं, पण कुठल्या तोंडानं?

तेवढ्यात केल्सी येऊन उभी राहिली. "तुम्ही ओळखता का एकमेकींना?"

क्वेन घाईनं तुएतची टाच घासू लागली. समोरच्या दुकानाची मालकीण हिच्याशी कुजबुजताना सापडली, तर हिची नोकरी गेलीच.

"भाची आहे माझी," तुएत म्हणाली.

"मग अर्धेच पैसे. घरच्यांना आम्ही सवलत देतो."

तुएत नको नको म्हणाली, पण केल्सी ऐकेना. वाचलेले अर्धे पैसे तुएतनं क्वेनच्या ॲप्रनच्या खिशात कोंबले आणि मागे न बघता बाहेर पडली.

दुकानात बाओ वाटच बघत होता. "काय, आहे का त्यात काही?"

"पाणी तेच, कानस तीच. रंगही आपल्याच व्यापाऱ्याकडचा."

"म्हणजे लुटतात." त्याला बरं वाटलं.

"घाई करत नाहीत," ती म्हणाली. "सोमवारपासून आपणही दोन गिऱ्हाइकांमध्ये वेळ सोडायचा. भाव चाळीस करायचा."

"डोकं फिरलंय का तुझं? आहेत तीही जातील."

"जातील कदाचित."

सोमवारी तिनं काचेवर नवा भाव लिहिला. आकडा वाकडा आला, म्हणून पुसून परत लिहिला. नेहमीची एक बाई दाराशी आली, भाव वाचला आणि गाडीकडे परत गेली. दुसरी बराच वेळ काचेपुढे उभी राहिली. तुएत काउंटरमागून बघत होती.

दार उघडलं. "आज बसायला मिळेल का?"

"मिळेल की. या," तुएत म्हणाली, आणि तिनं टबात पाणी सोडलं. संध्याकाळपर्यंत आणखी दोघी आल्या. एरवी आठ यायच्या. बाओ नुसता दाराकडे बघत राहिला.